पाणी कुठे मुरतं

पहाटे पावणेपाचला न्येम्बी रिकामं व्हायला लागतं.
आधी घरकामाच्या बाया, मग गवंडी, मग बँकांचे पहारेकरी,
शेवटी ओल्या केसांनी पळत सुटलेली कॉलेजची पोरं.
आसुन्सियोन अठरा किलोमीटर. बसने दीड तास.
हा हिशेब माझा नव्हे, बसवाल्यांचा.

मागे मी उरते.
मी, कुत्री, आंब्याची झाडं,
आणि पाण्याचे दोन हजार तीनशे मीटर.

फाटकाशी वाकायचं, झाकण उचलायचं, कोळी झटकायचा,
पाच आकडे लिहायचे, उठायचं.
गुडघ्यांवरची तांबडी माती धुऊन निघत नाही,
म्हणून पँटच आता त्या रंगाची घेते.

एकवीस वर्षं या लोकांना ओळखते
आणि निम्म्यांची तोंडं पाहिलेली नाहीत.
साडेबाराचे साडेनऊ झाले: म्हातारी गेली असावी.
साडेनऊचे पंधरा: बाळ.
एकदम चाळीस: घरात लग्न, नाहीतर स्पेनहून कुणीतरी परत आलंय.
शून्य म्हणजे सगळेच स्पेनला.
कुणाचं पाणी जोखावं एवढा माझा वकूब नाही.
मी मोजते फक्त.

जूनमधली गोष्ट. मीटर सोळाशे बारा.
ओवेलार, सिरिलो आणि निदिया. दोघंच. नऊच्या वर कधी गेले नाहीत.
या खेपेला सतरा.
दाराला बाहेरून कुलूप, सकाळचे दहा,
आणि काचेखाली ते इवलंसं चाक फिरतंय,
कुणाची घाई नसल्यासारखं.
कुठेतरी पाणी मुरतंय, मी म्हटलं.
पाइप फुटला असेल, एवढ्याच अर्थाने म्हटलं.

मागच्या अंगणात रबरी नळी चालू होती
आणि कुणीतरी लेट्यूसच्या रोपांना
बँकेत बोलतात तसं हळू, अदबीने सांगत होतं:
रांगेत राहा, रांगेत, सगळ्यांना मिळेल.

"सुनिल्दा, पाण्याची," मी ओरडले.
नळी बंद झाली. माझ्या पायाशी चाक थांबलं.

सिरिलो आला तो गणवेशात, अनवाणी.
इस्त्रीची घडी शाबूत. खिशावर बिल्ल्याच्या जागी
दोन बारीक भोकं.
"मार्चपासून," तो म्हणाला, आणि पुढे बोलला नाही.

बाकीचं मी जुळवलं, मला आकड्यांची सवय आहे:
रोज तिच्याबरोबर बसमध्ये चढायचं,
तिठ्यावर ती दुसऱ्या बससाठी उतरली की खिडकीतून हात करायचा,
पुढच्या थांब्यावर आपण उतरायचं, चालत परत,
मागची भिंत चढून स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरायचं.
कुत्रं ओळखीचं, तेवढं बरं.
जपायचे ते बूट. बूट रोज ऑफिसातून आल्यासारखे दिसले पाहिजेत.

"बिल निदियाच्या हातात पडतं," तो म्हणाला.
माहीत आहे.
आकडा मी बदलत नाही. एकदा बदलला होता,
फार वर्षांपूर्वी, एका विधवेसाठी.
तो दुसऱ्या कुणाच्या तरी बिलातून बाहेर आला.
सतरा लिहिले. त्याने ते उलट्या बाजूने वाचले.
मग शेऱ्याच्या रकान्यात,
जिथे मी एरवी 'कुत्रं चावरं' असं काहीबाही लिहिते,
तिथे लिहिलं: गळती. दुरुस्ती चालू.

तो आत गेला. मला वाटलं, झालं.
तर शिंगाचा पेला आणि बर्फाच्या पाण्याची सुरई घेऊन
परत आला, आणि कुलूपबंद फाटकाच्या गजांतून
तेरेरे पुढे केला. पुदिना जरा जास्तच ठेचलेला.

आमच्याकडे पेला परत देताना 'आभार' म्हटलं
की त्याचा अर्थ बास, पुढची फेरी मला नको.
त्याने पाच वेळा भरून दिला.
मी पाच वेळा काही न बोलता परत केला.

तोवर सोळाशे तेराचं कुत्रं
भुंकून भुंकून झोपून गेलं होतं.